मागच्या बाकावरचा जोडीदार

उशिरा येणाऱ्याला जागा निवडायची सोय नसते. प्रशिक्षणाच्या सभागृहात ती धापा टाकत शिरली तेव्हा एकच खुर्ची रिकामी होती, आणि तिच्यावरही कुणाची तरी ओली छत्री आडवी पडली होती.

"ही छत्री कुणाची?" तिनं शेजारच्याला विचारलं, आणि श्वासही न घेता पुढं, "तुमचीच असणार. उचलता का? राहू दे, मीच उचलते." छत्री खाली ठेवून ती बसलीसुद्धा.

शेजारच्या माणसाचं तोंड उघडलेलं तसंच राहिलं. मग त्यानं छत्रीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाला, "माझी नाही... प्राचार्या मॅडमची आहे."

प्राचार्या पुढच्या रांगेतून मागं वळून बघत होत्या. आता काय करणार, झाली सुरुवात.

तेवढ्यात व्यासपीठावरच्या प्रशिक्षक बाईंनी जाहीर केलं, "आत्ता ज्याच्या शेजारी बसला आहात, तोच या सत्रभर तुमचा जोडीदार. एकमेकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं आणि जे दिसलं ते स्पष्ट सांगायचं. शेवटी समितीसमोर पाठ होईल, तेव्हा पहिलं मत जोडीदाराचं."

कॉलेजातल्या बहुतेकांच्या लेखी हे वार्षिक प्रशिक्षण म्हणजे चहा-बिस्किटं आणि बसल्याबसल्या एक डुलकी. तिचं तसं नव्हतं. ती गणिताची, आणि कंत्राटी. सत्र संपलं की नोकरी टांगणीला, सत्र सुरू झालं की पुन्हा हजर, असं तिचं वर्षानुवर्षं चाललेलं. यंदा कॉलेजनं पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलं होतं: पाठ चांगला झाला, जोडीदाराचं मत चांगलं आलं, तर कायम. नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला. म्हणजे तिचा सगळा जीव एका पाठात, आणि पाठाची दोरी या शेजारच्या माणसाच्या हातात.

"कोणता विषय?" तिनं विचारलं. "सांगू नका. तत्त्वज्ञान?"

"इति..."

"इतिहास. तरीच."

"तरीच काय?"

"तरीच घाई नाही कशाची."

तो हसला. हसायलाही त्यानं वेळ घेतला, पण आलं ते हसू थेट डोळ्यांपर्यंत गेलं. मुलं तिला पाठीमागे एक्स्प्रेस म्हणायची, हे तिला ठाऊक होतं. कला शाखेच्या इमारतीत या गृहस्थाला पॅसेंजर म्हणतात, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. प्रशिक्षणवाल्यांनी गाडीला गाडी जोडली ती अशी.

तो तिच्या वर्गात आला. मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसला, काही लिहिलं नाही, कुणाकडे बघून मान हलवली नाही. ती मात्र त्या दिवशी जास्तच सुसाट सुटली. फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. तास संपला तेव्हा तिच्या बाह्यांवर खडूची भुकटी आणि घशाला कोरड.

"कसा झाला?" मुलं गेल्यावर तिनं विचारलं. "वेग थोडा जास्त झाला का? झाला असेल. पण भाग पुरा झाला."

तो खिडकीजवळच्या बाकाकडे बघत होता.

"बोला की. वाईट झाला का एवढा?"

"बोलू?" तो म्हणाला. "तुम्ही मुलांना खूप प्रश्न विचारता. चांगले प्रश्न. आणि सगळ्यांची उत्तरं तुम्हीच देता."

"मुलं देत नाहीत म्हणून."

"खिडकीजवळची मुलगी देणार होती. तिनं तोंड उघडलं होतं. तुम्ही फळ्याकडे वळलात, तिनं मिटलं."

तिला राग आला. खरं बोललेलं वर्मी लागतं म्हणतात ते काही उगाच नाही. "माझ्याकडे वाट बघायला वेळ नसतो, सर. तुमचं बरं आहे, तुमची नोकरी कायम आहे."

"ते खरं आहे," तो म्हणाला. एवढंच. वाद घातला असता तर तिला बरं वाटलं असतं.

मग तिची पाळी. त्याच्या वर्गात मागच्या बाकावर ती तावातावानंच जाऊन बसली. त्यानं मुलांना विचारलं, "एवढं मोठं सैन्य असून राजा का हरला?" आणि टेबलाला टेकून उभा राहिला. वर्ग शांत. पंखा फिरतोय. कुणी पेन चावतंय. तिच्या पायांना मुंग्या आल्या, ओठ शिवशिवले, आणि शेवटी मागच्या बाकावरून तीच ओरडली, "पैसा संपला म्हणून."

सगळा वर्ग वळून बघायला लागला. त्यानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "बाकीच्यांना काय वाटतं?" पुढच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला की पैसा तर होता सर, पगार वाटणारा माणूस फितूर झाला होता. उत्तर बरोबर निघालं. आणि या एक्स्प्रेस बाई तोंडावर पुस्तक धरून हसल्या, लाजल्या, आणि खरं सांगायचं तर त्या माणसाच्या प्रेमात पडायला तिथंच लागल्या. पण हे स्वतःशी कबूल करायला तिला बरेच दिवस लागले.

"आता माझी चूक सांगा," तो तास संपल्यावर म्हणाला.

"तुमचा अभ्यासक्रम कधी संपतो?"

"परीक्षा झाल्यावर."

"मग मुलं परीक्षेत काय लिहितात?"

"तेच तर मलाही समजत नाही," तो म्हणाला, आणि यावेळी तीच आधी हसली. त्या संध्याकाळी तिनं बसून त्याच्या सगळ्या तासांची आखणी करून दिली. मोबदल्यात त्यानं तिला थांबायला शिकवायचं कबूल केलं.

हे थांबायला शिकवणं कसं असतं, ते ऐका. रिकामा वर्ग. संध्याकाळचं ऊन बाकांवर तिरकं. तो विद्यार्थी होऊन पहिल्या बाकावर बसायचा. तिनं प्रश्न विचारायचा, आणि मग फळ्याकडे वळायचं नाही, घड्याळाकडे नाही, खिडकीबाहेर नाही. ज्याला विचारलं त्याच्याकडे बघत राहायचं, उत्तर येईपर्यंत. आता सांगा, असा नियम केल्यावर दुसरं काय होणार होतं?

"सरासरी म्हणजे काय?" तिनं विचारलं.

तो तिच्याकडे बघत राहिला. ती त्याच्याकडे. बाहेरून कुणाच्या तरी चपला वाजत गेल्या. तिच्या लक्षात आलं की त्याची डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर आहे. कानापाशी एक पांढरा केस आहे.

"सर... उत्तर?"

"विसरलो."

"आणि प्रश्न?"

"तोही," तो म्हणाला, आणि नजर मात्र काढली नाही.

तिनंच आधी डस्टर उचललं. फळा कोरा होता तरी पुसला. घरी जाईपर्यंत तो पांढरा केस डोळ्यांपुढून हलेना, आणि घरी आई होती. आई बोलायला बसली की तिच्यापुढं एक्स्प्रेसही बाजूच्या रुळावर जाऊन थांबते. "झाला का पाठ? कधी आहे? पाणी पिऊन जा वर्गात. आणि ध्यानात ठेव, आधी नोकरी कायम, मग लग्नाचा विषय. माझी चांगली टायपिस्टची नोकरी होती, लग्नाच्या गडबडीत सुटली ती सुटली. पुन्हा हाती लागली नाही. तुझं तसं होता कामा नये." हे ऐकतच ती मोठी झाली होती. तिला ते पटतही होतं. आईला उतारवयात कुणाकडे हात पसरायला लागू नये, म्हणून तर ही सगळी धावाधाव.

पाठाच्या आधीच्या आठवड्यात रसायनच्या ज्येष्ठ मॅडम स्टाफरूममध्ये तिच्याशेजारी येऊन बसल्या. "इतिहासवाले सर बरे शिकवतात वाटतं," त्या चहा ढवळत म्हणाल्या. "शिकवू देत बाई. पण नियम वाचलास ना? जोडीदारांत नातं किंवा खास जवळीक असेल तर त्याचं मत धरत नाहीत. आणि मत नाही तर त्या वर्षी नावाचा विचार नाही. समिती तोंडावर विचारते हं, सगळ्यांनाच."

त्या वाईट मनानं बोलत नव्हत्या, सावध करत होत्या. म्हणजे लोकांच्या नजरेत आलं होतं. तसं म्हटलं तर घडलं काय होतं? कुणी कुणाला काही बोललं नव्हतं, कुणी कुणाचा हात धरला नव्हता. पण तिला विचारलं असतं तर तिला खोटंच बोलावं लागलं असतं, हे तिला कळून चुकलं.

तिनं त्याला जिन्यात गाठलं. वरून मुलांचा लोंढा येत होता, दोघं भिंतीला चिकटून उभे राहिले.

"समिती विचारणार आहे," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आपल्यात काही... जवळीक आहे का म्हणून."

त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"नाही म्हणायचं. सगळे तसंच म्हणतात. पाठ होईपर्यंत आपण भेटायचं नाही, संध्याकाळचा सराव बंद. नंतरचं नंतर बघू. तुम्ही 'नाही' म्हणणार ना?"

तो काहीतरी बोलायच्या बेतात होता. त्याचा हात कठड्यावरून उचलला गेला होता.

"ठरलं तर मग," ती म्हणाली, आणि दोन-दोन पायऱ्या गाळत खाली उतरली.

पाठाच्या दिवशी ती पाणी पिऊन गेली. लहान सभागृहात मुलं बसली होती, भिंतीशी समितीचं टेबल. मधोमध प्राचार्या, शेजारी विद्यापीठाचे प्रतिनिधी, त्यांचा चेहरा असा की आयुष्यात कुणी त्यांना विनोद सांगितलेला नसावा. आधी समितीनं दोघा जोडीदारांना बाजूच्या खोलीत नेलं. दोघं उभे राहिले, मध्ये दोन माणसं मावतील एवढं अंतर ठेवून. अंतर ठेवलं की जास्तच दिसतं, हे कुणीतरी तिला आधी सांगायला हवं होतं.

"रिवाजाचा प्रश्न," प्राचार्या चष्म्यावरून बघत त्याला म्हणाल्या. "तुम्हा दोघांत काही नातं, किंवा मतावर परिणाम होईल अशी जवळीक?"

तो गप्प राहिला.

तिला त्याची ही सवय पाठ झाली होती, पण आज तिला धीर धरवेना. 'नाही' हा शब्द तिच्या अगदी जिभेवर आला. एका शब्दाचा तर प्रश्न. तिनं म्हटलं असतं, सगळे हसले असते, पुढं गेले असते. पण तिनं शेजारी पाहिलं, आणि त्याचा चेहरा पाहून तो शब्द गिळला. तो उत्तर शोधत नव्हता. उत्तर त्याच्याकडे होतं, फक्त त्याला ते द्यायचं जिवावर आलं होतं.

"माझ्या बाजूनं आहे," तो म्हणाला. "त्यांना मी अजून विचारलेलं नाही. तेव्हा कृपा करून त्यांना तो प्रश्न विचारू नका."

प्रतिनिधींनी पेनाचं टोपण लावलं. "मग यांचं मत धरता येणार नाही. यंदा या बाईंचं नाव पुढं नेण्यात अर्थ नाही, मॅडम."

"नियम मला माहीत आहे," प्राचार्या म्हणाल्या. त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग तिच्याकडे. "मुलं बसलेली आहेत. पाठ होऊ दे. मी स्वतः मागं बसते."

ती फळ्यासमोर उभी राहिली तेव्हा तिला मुलंही नीट दिसत नव्हती. गेलं, एवढंच डोक्यात. इतक्या वर्षांची मेहनत एका वाक्यात गेली, आणि तीही कुणामुळे? तिनं खडू उचलला. "समजा, एका गावाचं सरासरी उत्पन्न या वर्षी दुप्पट झालं," ती म्हणाली. "मग गाव श्रीमंत झालं का?"

पुढचं वाक्य तयार होतं, उत्तरही तयार होतं, पण एक अक्षर बाहेर पडेना. ती नुसती उभी. शांतता लांबत गेली. प्रतिनिधींची खुर्ची करकरली. मग खिडकीजवळची ती मुलगी, जिचा आवाज तिनं सत्रभरात ऐकला नव्हता, म्हणाली, "मॅडम, एकटा सावकारच श्रीमंत झाला असेल तर?"

"तर काय?" तिनं कसंबसं विचारलं.

"तर सरासरी वाढली. बाकीच्यांच्या घरात काही नाही वाढलं."

"मग सरासरी खोटं बोलते का?" मागून एकानं विचारलं, आणि वर्गात जुंपली. खोटं नाही, अर्धंच बोलते, असं एक जण. मग सगळ्यांना उत्पन्नाप्रमाणं रांगेत उभं करून मधला माणूस बघा, असं दुसरी. तिनं फळ्यावर फार थोडं लिहिलं. मुलंच लिहायला पुढं आली. तास संपला तेव्हा भाग पुरा झाला नव्हता, आणि तिला पहिल्यांदाच त्याचं काही वाटलं नाही. पण ते दोन-चार क्षणच. समिती दार लावून बसली, आणि ती व्हरांड्यात आली.

तो खांबाजवळ उभा होता.

"का केलंस तू असं?" ती म्हणाली. आपण 'तू' म्हणालो हे तिच्या ध्यानातही आलं नाही. "एक 'नाही' जड होतं? आपलं ठरलं होतं."

"तुझं ठरलं होतं. मी जिन्यात सांगायला गेलो, तू खाली निघून गेलीस."

तो उचललेला हात तिला आठवला.

"मी आत सांगणार होतो की मी पाहिलेल्या शिक्षकांत ही सगळ्यांत चांगली होणार आहे," तो म्हणाला. "ते खरं आहे. पण पहिलंच वाक्य खोटं बोलल्यावर दुसरं कुठल्या तोंडानं बोलू? आणि पुढं कधी कुणाला कळलं असतं तर लोक म्हणाले असते, हिला यानं कायम करून दिलं. जन्मभर ऐकावं लागलं असतं तुला."

"आणि आता नोकरीच गेली तर?"

"तर माझ्यामुळे गेली," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "ते मी कसं भरून काढणार, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही."

तिला त्याला दोन शब्द सुनवायचे होते. चांगले धारदार शब्द, जिन्यापर्यंत ऐकू जातील असे. पण समोरचा माणूस रडवेला झाला होता आणि तरी नजर चोरत नव्हता. तिला कळलं की आपण रागावलो आहोत, घाबरलो आहोत, आणि या माणसावर आपलं प्रेम आहे. तिन्ही एकदम. आणि आत दाराला कडी.

"ऐक," ती म्हणाली. "निकाल लागायच्या आत सांगते. नंतर 'हो' म्हटलं तर ते आभार वाटतील, आणि 'नाही' म्हटलं तर सूड. तू मला अजून विचारलेलं नाहीस ना? मग विचार."

"आत्ता? इथं?"

"दार उघडायच्या आत."

"माझ्याशी..." तो म्हणाला, थांबला, खांबाला धरलं. "माझ्याशी लग्न करशील?"

ती बोलली नाही. मुद्दाम नाही हो, तिला खरंच वेळ लागला. हे एक उत्तर तिच्याकडे आधीपासून तयार नव्हतं. ते तिला आतून वर येऊ द्यावं लागलं, आणि तोवर ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या कपाळावर घाम जमला.

"हो," ती म्हणाली. "पण मी अजून चिडलेली आहे."

"चालेल," तो म्हणाला, आणि रुमालानं कपाळ पुसलं.

कडी निघाली. शिपाईकाकांनी तिला आत बोलावलं. प्राचार्यांनी फार लांबवलं नाही. जोडीदाराचं मत नाही, म्हणून यंदा कायम करता येत नाही. मात्र पाठ पाहिलाय, म्हणून जागा दुसऱ्याला जाणार नाही. आणखी एक वर्ष, नवा जोडीदार, पुन्हा समिती. "आणि यावेळी जोडीदार मी निवडून देणार," त्या म्हणाल्या. "बायकांतली." प्रतिनिधींच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला, पण तो भासही असेल.

बाहेर आली ती फोन कानाला लावूनच. "आई, कायम नाही झाले. एक वर्ष मिळालंय... हो, पाणी प्यायले होते. आई, ऐक ना. आणखी एक आहे. इथं एक जण आहेत, मला त्यांच्याशी लग्न करायचंय. हो, आत्ताच ठरलं. नाही, वेड नाही लागलं. तूच बोल." आणि तिनं फोन त्याच्या हातात कोंबला.

तो ऐकत राहिला. फोनमधून आईचा आवाज व्हरांड्यात पसरला होता, फक्त शब्द कळत नव्हते.

"काय म्हणतेय?" तिनं खुणेनं विचारलं.

"अजून माझी पाळी आलेली नाही," तो फोनवर हात ठेवून कुजबुजला.

मग आईचा सूर बदलला. तिला तो चांगला ओळखू आला, टायपिस्टच्या नोकरीचा विषय काढताना यायचा तोच. ती जवळ सरकली. आता शब्दही ऐकू येत होते. "हे बघा, माझी मुलगी फार कष्टानं इथवर आलीये. तिची नोकरी कायम होईपर्यंत तुम्ही थांबायला..."

"नाही," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नसेल. "नाही, आई. नोकरी ती मिळवणारच, आणि लग्नापायी ती सुटणार नाही, हा माझा शब्द. पण थांबायला मी तयार नाही."

पलीकडे आई गप्प झाली. तिला आठवत होतं तेव्हापासून आई एवढा वेळ गप्प बसली नव्हती. तिनं त्याची बाही धरली, आणि व्हरांड्यातून जाणारी मुलं बघत होती तरी सोडली नाही.

"रविवारी घरी या," आई म्हणाली. "सकाळीच या. उशीर करू नका."